समकालीन कलेवर समीक्षा लिहायला शिकायचं तर

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: "मराठी साहित्य शिकलो आहे, पणजीतली चित्रप्रदर्शनं नियमित पाहतो. लिहायला बसलं की एकतर उद्घाटनाची बातमी होते, नाहीतर कविता. समकालीन कलेवर समीक्षा लिहायला शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?"

बातमी आणि कविता या दोन्हींत चित्रच राहून जातं. बातमीत दीपप्रज्वलन कोणी केलं, पाहुणे कोण होते आणि प्रदर्शन किती तारखेपर्यंत खुलं आहे हे येतं. कवितेत लिहिणाऱ्याच्या मनात काय उमटलं ते येतं. समीक्षेत तुम्ही एक मत मांडता आणि त्या मताचा पुरावा भिंतीवर असतो. वाचक उद्या गॅलरीत जाऊन तो पुरावा तपासू शकतो, तुमच्याशी सहमत होऊ शकतो किंवा तुमचं म्हणणं खोडू शकतो. ज्या वाक्याचा पुरावा दाखवता येत नाही ते वाक्य कितीही सुंदर असलं तरी काढायचं. एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घेतली की बाकीचं सगळं सरावाने येतं. त्यामुळे सुरुवात लिहिण्यापासून करू नका, पाहण्यापासून करा.

चाळीस कामांच्या प्रदर्शनात सगळ्यांवर लिहिता येत नाही. पहिली फेरी पंधरा मिनिटांत संपवा, कुठेही थांबू नका, भिंतीवरचं निवेदन वाचू नका. दुसऱ्या फेरीत तीन ते पाच कामं निवडा. आवडलेलीच निवडायची असं नाही. ज्याने अडवलं, खटकलं, जे कळलं नाही असं वाटलं तेही घ्या. प्रत्येकासमोर किमान वीस मिनिटं उभं राहा. पहिली पाच मिनिटं सोपी जातात, पुढच्या दहा मिनिटांत कंटाळा येतो आणि बहुतेक लोक तिथेच पुढे सरकतात. खरं दिसायला लागतं ते त्यानंतर: डावीकडचा करडा दोन वेगळ्या करड्यांचा आहे, एक आकृती आधी दुसरीकडे होती आणि नंतर रंगवून झाकली आहे, क्षितिजाची रेषा किंचित कललेली आहे.

वहीत पेन्सिलीने लिहा, शाईचं पेन कलाकृतीजवळ नेऊ नये. प्रत्येक कामाबद्दल वीस-पंचवीस वाक्यं लिहा आणि त्यांत एकही विशेषण मताचं नको. 'सुंदर', 'अस्वस्थ करणारं', 'प्रभावी' हे शब्द या टप्प्यावर वर्ज्य. आकार, माध्यम, रंग कुठे जाड आणि कुठे पातळ, कडा तीक्ष्ण की विरघळलेल्या, नजर आधी कुठे जाते आणि कुठून बाहेर पडते, एवढंच. माप लिहिताना कलाक्षेत्राचा रिवाज लक्षात ठेवा: आधी उंची, मग रुंदी, मग असेल तर खोली. लेबलवर १२० बाय १५० सेंटिमीटर असेल तर चित्र आडवं आहे. हे उलटं छापलं की जाणकार वाचक पुढचं वाचायचं सोडून देतो.

मग जवळ जा आणि बाजूने पाहा. ताणलेल्या कॅनव्हासची कड बरंच काही सांगते. समोर फक्त पांढरा दिसतो, पण कडेवर निळ्याचे आणि गेरूचे ओघळ असतात. म्हणजे तो पांढरा शेवटी आला, काहीतरी झाकायला आला. ॲक्रिलिकचा पातळ थर पाणी उडून अर्ध्या तासाच्या आत वाळतो, त्यामुळे थरावर थर झटपट चढतात आणि कडा तीक्ष्ण राहतात. तेलरंग हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. वरून कोरडा व्हायला काही दिवस आणि आतून पक्का व्हायला महिने लागतात. म्हणून त्यात ओल्या रंगात ओला रंग मिसळता येतो आणि एक छटा दुसरीत नकळत उतरते. ही माहिती परीक्षेसाठी नाही. एखाद्या चित्रातली मऊ संध्याकाळ ॲक्रिलिकमध्ये साधली असेल तर कलाकाराने त्यासाठी वेगळं काय केलं, हा प्रश्न विचारायला ती लागते.

मुद्राचित्राच्या, म्हणजे प्लेट किंवा ठशावरून कागदावर छापलेल्या चित्राच्या खाली पेन्सिलीने ३/१५ असं लिहिलेलं असतं. पंधरा प्रतींपैकी ही तिसरी. एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेल्या चित्रात, कागदावर प्लेटच्या कडेचा दाब उमटलेला असतो, बोट न लावता तिरक्या नजरेने पाहिलं तर दिसतो. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात असू द्या, डिजिटल प्रिंटमधले शाईचे ठिपके त्यातून लगेच कळतात. लेबलवर नुसतं 'मिश्र माध्यम' असेल तर तिथल्या माणसाला नेमकं काय काय वापरलं ते विचारा. कॉफी, सिमेंट, गंजलेला पत्रा, छापील छायाचित्रावर ॲक्रिलिक, हे सगळं त्या दोन शब्दांत दडलेलं असतं आणि बहुतेक वेळा चित्राचा अर्थही तिथेच असतो.

व्हिडिओ असेल तर लेबलवरची लांबी पाहा आणि पूर्ण पाहा, सुरुवातीपासून. मधूनच आत शिरून तीन मिनिटं पाहून लिहिलेलं परीक्षण ओळखू येतं. शेवटातून सुरुवात जोडली आहे की मध्ये काळोख ठेवला आहे, तेही नोंदवा. मांडणशिल्पात, म्हणजे अख्खी जागा व्यापून मांडलेल्या कामात, स्वतः फिरा: पायाखाली काय आहे, प्रकाश कुठून येतो, आवाज कुठल्या कोपऱ्यात बंद होतो, तुमची सावली कामावर पडते का. परफॉर्मन्स असेल तर सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, प्रेक्षक कुठे उभे राहिले, कोण उठून गेलं आणि नंतर जागेवर काय उरलं हे लिहून ठेवा, कारण ते काम पुन्हा पाहायला मिळत नाही.

मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून घरी बसून लिहू नका. फोटो आठवणीपुरता ठीक आहे, पण तो गडद रंगांतला फरक खातो, चकाकी सपाट करतो आणि आकाराचा अंदाज घालवतो. गोव्याचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यात काळ्यावर काळा रंग लावून चित्रं केली. त्यातल्या आकृत्या रंगाच्या फरकाने दिसत नाहीत, रंगाच्या जाडीवरून आणि ब्रशच्या दिशेवर पडणाऱ्या उजेडावरून दिसतात. प्रेक्षक हलला की चेहरा उमटतो, पुन्हा हलला की बुडतो. छापील पानावर त्याचा काळा चौकोन होतो. असं काम जगात जागोजागी आहे आणि तुमच्या गावातल्या प्रदर्शनातही असू शकतं.

गोव्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं लागतं, ती म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबरमध्ये कागदाला लाटा येतात, काचेच्या आत बुरशीचे ठिपके धरतात, कॅनव्हास सैल पडून मधोमध पोट येतं. कागदावरचे तपकिरी डाग कलाकाराने केलेले की पावसाने, हे विचारल्याशिवाय त्यांच्यावर अर्थ चढवू नका.

आता वर्णनाचा सराव. पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेली अझुलेजो, म्हणजे चकाकत्या पोर्तुगीज चित्रफरशांची मोठी भित्तिचित्रं आहेत, पोर्तुगीज कवी कामोइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांवरची. ती समकालीन नाहीत, पण सरावाला उत्तम आहेत, कारण ती जागची हलत नाहीत आणि हवा तितका वेळ पाहता येतात. एक भाग निवडा आणि त्याचं दोनशे शब्दांत वर्णन लिहा. मग ज्याने ते चित्र पाहिलेलं नाही अशा मित्राला तेवढंच वाचून दाखवा आणि कागदावर रेखाटायला सांगा. त्याचं रेखाटन मूळ चित्राशेजारी ठेवलं की आपलं गद्य कुठे गळतं ते दिसतं. बहुतेकांच्या वर्णनात आकृत्या येतात, त्यांच्यामधलं अंतर येत नाही. कोण काय करतंय ते येतं, कोण कोणाच्या पुढे आहे ते राहतं. फरशांचे सांधे चेहऱ्यावरून जातात की चेहऱ्याला वळसा घालतात, हे तर जवळजवळ कोणीच लिहीत नाही. दर आठवड्याला एक, असं दोन महिने करा. नंतर त्याच चित्रांवर दुसरा प्रश्न घ्या: पोर्तुगीज सफरींचा गौरव करणारं हे काम त्या काळी इथल्या भिंतीवर कोणासाठी लागलं आणि आज तिथून ये-जा करणाऱ्या गोमंतकीयाला ते काय सांगतं? एका कामाला दोन काळांतून पाहायची सवय समकालीन कलेत फार उपयोगी पडते.

वर्णनातून मताकडे कसं जायचं, ते एक कल्पित उदाहरण घेऊन दाखवतो. समजा १२० बाय १५० सेंटिमीटरचं एक चित्र आहे, शीर्षक 'लीज'. माध्यम: कॅनव्हासवर ॲक्रिलिक, जांभ्याची माती आणि पेन्सिल. विषय उघड आहे, खाणी. त्यावर हमखास असा परिच्छेद लिहिला जातो:

"कलाकाराने गोव्यातील खाणप्रश्नावर परखड भाष्य केले आहे. लाल रंगाचा प्रभावी वापर मनाला अस्वस्थ करतो. निसर्गाच्या ऱ्हासाची वेदना या चित्रातून बोलते आणि प्रेक्षकाला अंतर्मुख करते."

यातलं एकही वाक्य या चित्राचं नाही. खाणींवरच्या कुठल्याही लाल चित्राखाली ते छापता येईल. आता हा दुसरा परिच्छेद:

"चित्राचा खालचा दोन तृतीयांश भाग जांभ्याच्या मातीच्या जाड थराने भरला आहे. वाळताना थराला तडे गेले आहेत आणि तड्यांच्या तळाशी आधी लावलेला शेवाळी हिरवा दिसतो. मातीवर पेन्सिलीने सरळ रेषा ओढल्या आहेत, हद्दीच्या नकाशात असतात तशा. रेषा तड्यापाशी आली की तुटते आणि पलीकडे एखादा मिलिमीटर सरकून पुन्हा सुरू होते. कागदावर आखलेली हद्द जमिनीवर टिकत नाही, हे चित्र एवढ्या बारीक जागी सांगतं आणि तिथे ते सगळ्यात बलवान आहे. उजव्या वरच्या कोपऱ्यातलं पांढऱ्या रंगातलं वठलेलं झाड मात्र हेच पुन्हा मोठ्याने सांगतं. ते झाकून पाहिलं तर चित्राचं काही कमी होत नाही."

या परिच्छेदात दोन मतं आहेत, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, आणि दोन्हींना जागा आहे: तडा आणि कोपरा. वाचक बोट ठेवून तपासू शकतो. शेवटच्या वाक्यातली युक्ती तुम्हीही वापरा. चित्रातला एखादा घटक हाताने किंवा वहीने डोळ्यांसमोर झाका आणि त्याच्याशिवाय काय बिघडतं ते पाहा. काहीच बिघडत नसेल तर तो घटक तिथे का आहे, हा तुमच्या लेखाचा प्रश्न झाला.

अजून एक पायरी राहते. मातीचे तडे ठरवून आणले की आपोआप पडले? मातीच्या जाड थरात बांधणारं माध्यम, म्हणजे डिंक किंवा ॲक्रिलिकचा गोंद, कमी पडलं की वाळताना थर आकसतो आणि फाटतो. खालचा कॅनव्हास लवचीक असल्यामुळे पुढे हलवाहलवीत ढलप्याही निघतात. हे कलाकाराला सरळ विचारा. तडे अपेक्षित नव्हते असं उत्तर आलं तरी तुमचं निरीक्षण चुकीचं ठरत नाही, पण 'कलाकाराने दाखवलं आहे' असं न लिहिता 'चित्रात दिसतं' असं लिहावं लागेल. कलाकाराच्या हेतूबद्दल पदरचं काही घालायचं नाही.

गोव्यातल्या लेखनात सगळ्यात जास्त आढळणारा दोष इथे सांगायला हवा: विषयाला दिलेले गुण चित्राच्या खात्यावर जमा होतात. खाणी, म्हादई, उजाड झालेली भातखाचरं, पडक्या वाड्यांची दारं, विदेशी पर्यटक, हे विषय आपल्या जिव्हाळ्याचे आहेत. त्यामुळे चित्राने त्या विषयाचं काय केलं हे पाहण्याआधीच आपण चित्राच्या बाजूने झुकतो. उलटही घडतं. विषय सापडला नाही की 'अमूर्त' म्हणून चित्र सोडून दिलं जातं. मराठी वाचकाची नजर दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि कथाचित्रांवर घडली आहे. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांचा त्यात मोठा वाटा. ती परंपरा मोलाचीच, पण तिने चित्रात गोष्ट शोधायची सवय लावली. समकालीन कामासमोर 'यात काय घडतंय' याच्याआधी 'हे कसं केलंय' हा प्रश्न विचारला तर वाट सापडते.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या चित्रात डोंगर किंवा समुद्र शोधणाऱ्याला हाती काही लागत नाही. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंग पसरवत, कागदाचे तुकडे वापरून रंग बसवत आणि उचलत. हे कळलं की पृष्ठभागावरचे ते तरंगणारे आकार 'गूढ' राहत नाहीत. कुठला आधी आला, कुठला पुसला गेला, कुठे हात थांबला, हे वाचता येतं. मग 'ध्यानमग्न' हा नेहमीचा शब्द न वापरताही त्यातल्या शांततेबद्दल लिहिता येतं.

परंपरेची माहिती हवी, पण दाखवण्यासाठी नको. इथल्या नव्या चित्रकाराबद्दल लिहिताना सोझा आणि गायतोंडे ही दोन नावं घेतलीच पाहिजेत असा समज आहे. दोघे १९२४ चे. सोझा साळगावचे, गायतोंड्यांचं घराणं गोव्याचं पण जन्म नागपूरचा. दोघांची घडण मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या वातावरणात झाली, आणि दोघांच्या चित्रांत एकमेकांशी जुळणारं जवळजवळ काही नाही. तेव्हा 'गोमंतकीय मातीचा वारसा' म्हणून दोघांना एका ओळीत बसवणं म्हणजे काहीच न सांगणं. तुलना करायचीच तर एक करा आणि नेमकी करा: जाड काळ्या बाह्यरेषेची तुलना सोझांच्या रेषेशी, आणि ती कुठे वेगळी पडते तेही.

त्यासाठी मूळ कामं पाहून ठेवा. सांग्यात जन्मलेल्या आंतोनियो शावियर त्रिंदाद यांची व्यक्तिचित्रं पणजीत फोंताइन्हासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत. सांत इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचं काम पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आहे. ख्रिस्ती विषय भारतीय पेहरावात आणि भारतीय रेषेत आणल्यामुळे त्यांना गोव्यात विरोध झाला आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी पुण्यात काढला. 'स्थानिकता' या विषयावर आज जे काम करतात त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी हे पाहिलंच पाहिजे. चित्रकार लक्ष्मण पै पॅरिसमध्ये दशकभर राहून आले आणि १९७७ ते १९८७ गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या रागचित्रांत रेषेची लय संगीताशी कशी जोडली आहे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

लोककलेचा आधार घेणाऱ्या कामाला एक साधी कसोटी लावा. कावी कलेचं उदाहरण सोयीचं आहे. गोव्याच्या आणि कोकणच्या देवळांतल्या या भित्तिचित्रांत पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणजे रेषा काढून टाकण्यातून तयार होते, चुकली तर पुसता येत नाही, आणि थर वाळायच्या आत काम उरकावं लागतं. आता एखाद्या प्रदर्शनात 'कावीपासून प्रेरित' असं लिहिलेलं दिसलं तर पाहा: खरवडणं आहे का, घाई आहे का, न पुसता येणारी रेषा आहे का? की कॅनव्हासवर ब्रशने नुसते तांबडा आणि पांढरा भरले आहेत? दुसरं असेल तर प्रेरणा रंगसंगतीपुरती आहे. तेही चालतं, पण तसंच लिहायचं. हीच कसोटी लाकडावरच्या रंगीत चितारी कामाला, अझुलेजोला, कुणबी साडीच्या चौकड्यांना लावता येते.

जागेचाही विचार करा. सेरेंडिपिटी कला महोत्सव २०१६ पासून डिसेंबरात पणजीत भरतो आणि जुन्या गोमेकॉची (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची) इमारत, आदिलशहाचा राजवाडा अशा वास्तूंत कामं मांडली जातात. उंच छत, उखडलेला गिलावा, मांडवीवरून येणारा उजेड यांनी साधं कामही भारदस्त दिसतं. हेच काम आल्तिनोवरच्या सुनापरांत या कलाकेंद्राच्या खोलीत किंवा कला अकादमीच्या दालनात उभं राहिलं असतं का, असं स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' आलं तर आणखी एक प्रश्न येतो: कलाकाराने त्या वास्तूचा जाणून उपयोग केला आहे की वास्तूने कामाला तारलं आहे? दोन्हींचा पुरावा मांडणीतच सापडतो. भिंतीचा तडा कामाच्या रचनेत धरला आहे की पडद्यामागे लपवला आहे, एवढं पाहिलं तरी पुरतं.

निवेदन वाचायचं ते वही भरल्यानंतर. क्युरेटरचं, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी करणाऱ्याचं निवेदन बहुतेकदा इंग्रजीत असतं आणि त्यातल्या संज्ञा उचलून मराठीत टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी त्यातला प्रत्येक दावा अधोरेखित करा. 'हे काम स्थलांतराच्या स्मृतींचा शोध घेतं' असं असेल तर समासात लिहा: कुठे? वहीतल्या नोंदींत उत्तर सापडलं तर दावा लेखात घ्या, आपल्या शब्दांत. सापडलं नाही तर निवेदन आणि काम यांतलं अंतर हाच लेखाचा एक मुद्दा होऊ शकतो. कलाकाराशी बोलताना 'तुम्हाला काय सांगायचं आहे' हे विचारू नका, त्याचं पाठ झालेलं उत्तर मिळतं. विचारा: सगळ्यात आधी काय केलं? कुठला भाग पुन्हा पुन्हा बदलला? हाच आकार का, याच्या निम्मा का नाही? या मालिकेतलं कुठलं काम प्रदर्शनात ठेवलं नाही, आणि का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून कलाकार स्वतःच्या कामाकडे कोणत्या निकषाने पाहतो ते कळतं.

लेखाची लांबी दैनिकाच्या पुरवणीसाठी सहाशे ते आठशे शब्द धरा. सुरुवात थेट एखाद्या कामापासून करा. कलाकाराचं शिक्षण, पुरस्कार, आधीची प्रदर्शनं यांना मध्ये कुठेतरी दोन-तीन वाक्यं पुरतात, आणि तीही मुद्द्याला उपयोगी असतील तरच. साधारण निम्मा लेख दोन-तीन कामांच्या वर्णनातून निघालेल्या मतांचा असावा. प्रदर्शन एकूण म्हणून कसं आहे, म्हणजे कामांचा क्रम, दोन चित्रांमधली जागा, एकाच कल्पनेच्या आवृत्त्या किती, यालाही एक परिच्छेद द्या; पंधरा सारखी चित्रं एका रांगेत लावल्याने पहिल्या चार चित्रांचंही तेज जातं, हे पुष्कळदा दिसतं. मत शेवटच्या वाक्यासाठी राखून ठेवू नका, पहिल्या दोनशे शब्दांत त्याचं सूतोवाच झालेलं असावं.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य या चाळणीतून काढा: हे वाक्य दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनाला जसंच्या तसं लागू पडेल का? 'रंगांशी लीलया खेळतो', 'रेषेवर विलक्षण प्रभुत्व', 'चित्रं प्रेक्षकांशी संवाद साधतात', 'मनाचा ठाव घेतात' ही वाक्यं या चाळणीत टिकत नाहीत. त्यांच्या जागी क्रियापद आणा. रेषा काय करते? कापते, अडते, आकृतीला सोडून निघून जाते, दोनदा गिरवली आहे. एक क्रियापद नेमकं सापडलं की तीन विशेषणं गळून पडतात. संज्ञा मात्र बिनधास्त वापरा: पोत, अवकाश, छायाभेद, मांडणशिल्प, मुद्राचित्र, आणि कोलाज किंवा एचिंगही. ज्या शब्दाने स्टुडिओत काम चालतं तो शब्द लेखात चालतो.

गोवा लहान आहे. ज्याच्यावर लिहाल तो पुढच्याच आठवड्यात एखाद्या उद्घाटनात भेटेल, कदाचित तुमच्या नात्यातला निघेल. त्यामुळे प्रतिकूल मत गिळून टाकण्याची सवय लागते आणि मग अनुकूल मतालाही किंमत उरत नाही. यावर उपाय काही पथ्यांचा आहे. ज्याच्या कॅटलॉगसाठी पैसे घेऊन लिहिलं त्याच्या प्रदर्शनाची समीक्षा करू नये. भेट म्हणून चित्र घेऊ नये. जवळच्या नात्यातल्या किंवा शिक्षकाच्या कामावर लिहायचंच असेल तर नातं लेखात उघड सांगावं. नावं, साल, माप, माध्यम कलाकाराकडून तपासून घ्यावं, पण मसुदा वाचायला देऊ नये. टीका कामावर असावी आणि दाखवता येण्याजोगी असावी. 'कलाकाराला चित्रकलेची समज नाही' हे वाक्य कामाबद्दल नाही, म्हणून छापू नये. गोवा कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या कामाला आणि तीस वर्षं काम करणाऱ्याच्या कामाला एकच डोळा लावा, पण अपेक्षा वेगळ्या ठेवा: विद्यार्थ्याच्या कामात तो काय शोधतो आहे ते पाहा, ज्येष्ठाच्या कामात त्याने स्वतःचीच जुनी युक्ती पुन्हा वापरली आहे का ते पाहा. दुसऱ्या प्रश्नासाठी त्याची जुनी कामं माहीत हवीत. जुन्या प्रदर्शनांचे कॅटलॉग जमवत जा आणि पाटोच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळा.

भाड्याने घेतलेल्या दालनातलं प्रदर्शन अनेकदा आठवड्याच्या आत उतरतं. उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रं दिसत नाहीत, माणसं दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जा, त्याच रात्री पहिला मसुदा लिहा, तिसऱ्या दिवशी मसुदा घेऊन पुन्हा चित्रासमोर उभं राहा आणि प्रत्येक विधान पडताळा. या फेरीत साधारण दोन-तीन गोष्टी चुकलेल्या सापडतातच: डावं-उजवं उलटं झालेलं असतं, किंवा आठवणीत रंग गडद झालेला असतो.

छापण्यासाठी चित्राचा फोटो गॅलरीकडून किंवा कलाकाराकडून लेखी परवानगीने घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे, पण लेखात ज्याची चर्चा केली आहे तेच चित्र आणि गरजेपुरतंच वापरणं सुरक्षित. कलाकाराच्या निधनानंतर साठ वर्षं, ती पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून, हक्क वारसांकडे किंवा हक्कधारकाकडे असतात: फोन्सेका १९६७ मध्ये गेले, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत, गायतोंडे २००१ मध्ये, म्हणजे २०६१ पर्यंत, सोझा २००२ मध्ये, म्हणजे २०६२ पर्यंत. त्रिंदाद १९३५ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क संपला आहे, तरी संस्थेने काढून घेतलेल्या छायाचित्रासाठी संस्थेला विचारा. चित्राखालची ओळ या क्रमाने द्या: कलाकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, उंची बाय रुंदी, कोणाच्या संग्रहातून, छायाचित्र कोणाचं. चित्र कडेने कापून छापू नका आणि मजकुराच्या सोयीसाठी आडव्याचं उभं करू नका. संपादकाला ही अट लेख पाठवतानाच कळवा.